सायकलवीर मेजर टेलर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चरित्रे मागील अंकांतून आपण वाचली. यंदा हे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय लिहिणार, असे मी म्हणून पाहिले. पण अध्यक्षबाईंनी काही ऐकले नाही. तेव्हा माझ्या मुलाने मला वाचून दाखवलेली एका माणसाची हकीकत मी माझ्या शब्दांत लिहीत आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

हा माणूस आपल्या देशाचा नव्हे, आपल्या भाषेचा नव्हे. तो अमेरिकेतला एक काळा मनुष्य. सायकलच्या शर्यतीत तो साऱ्या जगात पहिला आला. त्याला जाऊन आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. तरी पण त्याची हकीकत ऐकताना मला ती आपल्या वऱ्हाडातल्या एखाद्या गावची वाटली. का वाटली, ते शेवटी सांगेन.

मार्शल वॉल्टर टेलर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी झाला. त्यांच्या जन्माच्या तेरा वर्षे आधी, १८६५ साली, त्या देशातील गुलामगिरी कायद्याने संपली होती. त्याआधी काळ्या माणसांची बाजारात गुरांसारखी खरेदी-विक्री होई. कायदा झाला, पण माणसांची मने कायद्याने थोडीच बदलतात! वडील गिल्बर्ट टेलर हे त्या वेळच्या यादवी युद्धात सैनिक होते. पुढे ते एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाची घोडागाडी हाकण्याच्या नोकरीस राहिले. आईचे नाव सॅफ्रोनिया. घरात आठ लेकरे आणि कमावणारा एक, म्हणजे घराची ओढाताण कशी असेल ते आपल्याला सांगायला नको.

मार्शल आठ वर्षांचा झाला तेव्हा वडील त्याला कामावर सोबत नेऊ लागले. त्या घरी त्याच्याच वयाचा डॅनियल नावाचा मुलगा होता. दोघांची गट्टी जमली. इतकी जमली की त्या कुटुंबाने मार्शलला घरीच ठेवून घेतले. डॅनियलला जसे कपडे तसे याला, डॅनियलला जसा शिक्षक तसा याला, आणि डॅनियलला सायकल आली तेव्हा यालाही सायकल आली. गाडीवानाचा मुलगा असा अचानक श्रीमंताच्या घरात वाढू लागला.

परंतु घराचा उंबरा ओलांडला की जग वेगळे होते. गावात वाय.एम.सी.ए. या संस्थेची व्यायामशाळा होती. सोबतची गोरी मुले आत जात, कसरती करीत. मार्शलला मात्र काळा म्हणून आत प्रवेश नव्हता. तो वर सज्जात बसून खाली खेळणारे सवंगडी पाही. मुलांच्या आईबापांनी रदबदली करून पाहिली, पण उपयोग झाला नाही. आपल्या अमरावतीला १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तेथील पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम जगाला दाखवून आले. वाढत्या वयाच्या पोराला आखाड्याची केवढी ओढ असते हे अमरावतीकरांना ठाऊक आहे. अंगात ताकद आहे, जिद्द आहे, आणि दारातूनच परत फिरावे लागत आहे, हे दुःख त्या लहान वयात त्याने पाहिले.

काही वर्षांनी ते श्रीमंत कुटुंब शिकागोला राहायला गेले. मार्शललाही नेण्याचा त्यांचा विचार होता. पण आईचे मन तयार होईना. पोर डोळ्यांआड करायला ती माउली राजी झाली नाही. मार्शल आपल्या गरीब घरी परत आला. सोबत आणली ती एक सायकल आणि ती चालविण्याचे कसब. त्या सायकलवर तो घरोघर वर्तमानपत्रे टाकू लागला, आणि रिकाम्या वेळी नाना कसरती शिकला.

एकदा गावातील एका सायकलच्या दुकानदाराने त्याच्या कसरती पाहिल्या. त्याने मार्शलला कामावर ठेवले. आठवड्याला ६ डॉलर पगार आणि एक सायकल. काम काय, तर दुकान झाडायचे, सामान पुसायचे आणि दुपारी दुकानासमोर रस्त्यावर सायकलचे खेळ करून गर्दी जमवायची. खेळ करताना त्याच्या अंगावर सैनिकी थाटाचा गणवेश असे. म्हणून लोक त्याला मेजर म्हणू लागले. मेजर हा फौजेतला मोठा हुद्दा. गरिबाच्या पोराला थट्टेने मिळालेले हे नाव पुढे जन्मभर टिकले आणि साऱ्या जगात गाजले. त्या नावाची गोष्ट येथे संपत नाही. ती पुढे येईलच.

याच दुकानदारांनी दहा मैलांची एक शर्यत भरवली होती. लोकांना गंमत म्हणून त्यांनी या पोरालाही रांगेत उभे केले. त्याला इतरांच्या बरेच पुढे सोडले होते. थोडे अंतर जाऊन तो परत येईल असा सर्वांचा अंदाज. पण पोर थांबलेच नाही. दम संपत आला, पाय लटपटू लागले, तेव्हा मालकाने गाडीतून येऊन जिंकणाऱ्यासाठी ठेवलेले सोन्याचे पदक त्याच्यासमोर धरले. ते पाहून त्याने पुन्हा नेट धरला आणि सर्वांच्या आधी शेवटची रेघ गाठली. तो घरी धावत गेला आणि पदक आईला दाखवले. गाडीवानाच्या घरात सोने आले होते.

आता थोडे त्या काळच्या सायकलीविषयी सांगितले पाहिजे. आधीच्या सायकलीचे पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे लहान असे. तीवर चढणे म्हणजे जिवाशी खेळ. मग दोन सारख्या चाकांची सायकल निघाली. १८८८ साली डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली, आणि सायकल एकदम हलकी व वेगवान झाली. बायकाही सायकलवर बसू लागल्या. मोटारी अजून रस्त्यावर यायच्या होत्या. त्यामुळे घोड्याहून वेगाने धावणारा माणूस म्हणजे सायकलस्वार. त्याच्या शर्यती पाहायला हजारो लोक तिकीट काढून जात.

या शर्यती रस्त्यावर नव्हे तर खास बांधलेल्या गोल मार्गावर होत. आपली पिठाची परात डोळ्यांसमोर आणा. तिचा काठ जसा वर उचललेला असतो तसा हा मार्ग वळणावर बाहेरच्या अंगाने उंच असतो. नाही तर वेगात सायकल बाहेर फेकली जाईल. शर्यतीच्या सायकलीला ब्रेक नसतो, आणि चाक फिरते तोवर पायंडलही फिरतच राहते. शिवाय निव्वळ ताकदीचा हा खेळ नाही. पुढचा स्वार वारा फोडतो आणि त्याच्या आडोशाने मागच्याचे श्रम वाचतात. म्हणून मागे राहून दम राखायचा आणि नेमक्या क्षणी बाहेर पडून पुढे जायचे. आपल्याकडे शंकरपटात बैलजोडी सुटली की सरळ सुसाट जाते. येथे मात्र जोर आणि युक्ती दोन्ही लागतात. आणि चारपाच जणांनी संगनमत करून एखाद्याला मध्ये कोंडले, तर तो कितीही वेगवान असो, बाहेर पडायला वाट मिळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मार्शलच्या अंगचा गुण ओळखला तो लुई मंगर या गोऱ्या माणसाने. तो स्वतः जुना शर्यतपटू, आता सायकली बनवीत असे. त्याने मार्शलला आपल्या घरी कामाला ठेवले आणि शिकवले. काळ्या पोराला शिकवतो म्हणून लोक नावे ठेवू लागले. अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने तर १८९४ साली काळ्या माणसाला सभासद करायचे नाही असा नियमच केला. अखेर १८९५ साली मंगर यांनी आपला धंदा वुस्टर या गावी नेला आणि मार्शललाही बरोबर नेले. तेथील वाय.एम.सी.ए.च्या व्यायामशाळेने त्याला आत घेतले. जे दार एका गावी बंद, तेच दुसऱ्या गावी उघडे. म्हणजे दोष दाराचा नव्हता, दार बंद करणाऱ्यांचा होता.

१८९६ च्या डिसेंबरात अठरा वर्षांचे टेलर न्यूयॉर्कच्या मोठ्या क्रीडागृहात उतरले. पहिल्याच छोट्या शर्यतीत त्यांनी देशातल्या नामांकित स्वाराला मागे टाकले. लगेच सहा दिवसांची अघोरी शर्यत होती. दिवसरात्र सायकल चालवायची. जेवढी झोप घ्याल तेवढे मागे पडाल. शेवटी शेवटी स्वारांना भास होऊ लागत. टेलर यांनाही कोणीतरी चाकू घेऊन मागे लागले आहे असे वाटू लागले होते. तरी त्यांनी १,७३२ मैल पुरे केले आणि ते आठवे आले. अमरावतीहून मुंबईला दोनदा जाऊन परत यावे, त्याहूनही हे अंतर जास्त भरते!

येथून त्यांचे नाव झाले आणि छळही सुरू झाला. इतर स्वार त्यांना मध्ये कोंडीत, कोपर मारीत, सायकलीवर सायकल घालीत. १८९७ साली टॉन्टन गावी शर्यत संपल्यावर बेकर नावाच्या स्वाराने त्यांना सायकलवरून खाली ओढून त्यांचा गळा आवळला. ते पंधरा मिनिटे बेशुद्ध होते. बेकरला शिक्षा काय झाली? ५० डॉलर दंड! त्याच वर्षी दक्षिणेकडील गावांनी टेलर यांना शर्यतीत घेण्यास नकार दिला. वर्षभराच्या गुणांवर अजिंक्यपद ठरत असे. गुण मिळवायला उतरूच दिले नाही, तर पद मिळणार कसे? पुढल्या वर्षी सराव करण्यासाठी ते दक्षिणेत सव्हाना येथे गेले, तर अठ्ठेचाळीस तासांत गाव सोडा अशी धमकीची चिठ्ठी आली. तीवर कवटीचे चित्र काढलेले होते.

या सगळ्याला त्यांनी मारामारीने उत्तर दिले नाही. ते भित्रे होते असे कोणी समजू नये. एका काळ्या माणसाने हात उचलला की त्याच्यासारख्या सर्वांवर बंदी घालायला निमित्त मिळेल, हे ते जाणून होते. म्हणून ते कोंडीतून बाहेर पडण्याची कला शिकले. दोन सायकलींमध्ये वीतभर फट दिसली की ते त्यातून विजेसारखे निघून जात. लोकांनी वाट अडवली म्हणून त्यांना चिंचोळ्या वाटेने जाण्याची सवय झाली.

१८९८ साली त्यांची आई वारली. आई मोठी धर्मनिष्ठ होती. सचोटीने, देवाला स्मरून वागावे ही तिची शिकवण होती. त्याच वर्षी टेलर यांनी चर्चमध्ये रीतसर धर्मदीक्षा घेतली आणि रविवारी शर्यत करायची नाही हा नेम कडकपणे पाळला. दारू नाही, तंबाखू नाही. आपण सोमवार, चतुर्थी धरतो. पण आपल्या उपासाने आपले फार तर एक वेळचे जेवण जाते. टेलर यांच्या नेमाने त्यांचे हजारो डॉलर गेले. युरोपात मोठ्या शर्यती रविवारीच होत. तिकडून मोठमोठ्या रकमांची बोलावणी आली, ती त्यांनी नाकारली.

१० ऑगस्ट १८९९ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरी ते एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेते झाले. वय अवघे वीस! त्यांच्या आधी जॉर्ज डिक्सन या मुष्टियोद्ध्याखेरीज कोणीही काळा खेळाडू जगज्जेता झाला नव्हता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पुढे धावणाऱ्या वाफेच्या गाडीच्या आडोशाने त्यांनी एक मैल १ मिनिट १९ सेकंदांत तोडला. १९०० साली ते आपल्या देशाचेही अजिंक्यवीर ठरले.

असा हा जगज्जेता वुस्टर गावी चांगल्या वस्तीत घर घ्यायला गेला. घर घेतल्यावर शेजाऱ्यांना कळले की घेणारा काळा आहे. मोठी चलबिचल झाली. जास्त पैसे देतो, घर परत द्या, असे सांगून पाहिले. टेलर यांनी घर सोडले नाही. ते तेथेच राहिले, नीट राहिले, आणि हळूहळू शेजाऱ्यांची कुरबुर थांबली. शर्यत जिंकायला एक दोन मिनिटे लागतात. शेजार जिंकायला वर्षे लागतात, हे आपण गृहिणी चांगले जाणतो.

१९०१ साली फ्रान्सच्या लोकांनी त्यांची अट मान्य केली. रविवारी शर्यत नाही, असे करारात लिहून दिले. तेव्हा ते युरोपात गेले. पॅरिसचा लाडका वीर एडमंड जॅकलिन याच्याशी १६ मे रोजी त्यांची गाठ पडली. दिवस थंडीचा होता आणि टेलर यांना उष्ण हवा मानवे. जॅकलिन जिंकला आणि त्याने नाकाला अंगठा लावून टेलर यांना वेडावून दाखवले. टेलर यांनी काही केले नाही. २७ मे रोजी दोघे पुन्हा समोरासमोर आले. त्या दिवशी टेलर यांनी जॅकलिनला असे हरवले की कोणाला काही बोलायला जागा राहिली नाही. हरलेल्या माणसाच्या देशातच लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. जी माणुसकी स्वदेशात मिळाली नाही ती त्यांना परदेशात मिळाली.

१९०२ च्या मार्च महिन्यात डेझी मॉरिस हिच्याशी त्यांचा विवाह झाला. डेझीबाई मोठ्या धीराच्या. नवऱ्याबरोबर त्या सातासमुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियाला गेल्या. दुसऱ्या खेपेस, ११ मे १९०४ रोजी सिडनी शहरात त्यांना मुलगी झाली. आपल्याकडे मुलींना पूर्णा, तापी, गोदावरी अशी नद्यांची नावे ठेवतात, तसे त्यांनी मुलीला त्या शहराचे नाव ठेवले. ती सिडनी.

तान्ही मुलगी घेऊन हे जोडपे मायदेशी परतले आणि सान फ्रान्सिस्को बंदरात उतरले. तेथे त्यांना कोणी हॉटेलात जागा देईना, कोणी जेवायला वाढीना. ज्याच्या विजयासाठी परमुलखात बँड वाजले, तो आपल्याच देशात ओली बाळंतीण बायको आणि लेकरू घेऊन दारोदार फिरला. भगिनींनो, त्यांच्या शर्यती मी विसरेन, पण हा प्रसंग विसरणार नाही. बाळंतिणीला आपल्याकडे शत्रूसुद्धा पाटावर बसवतो.

इतक्या वर्षांची ओढाताण शरीराला आणि मनाला सोसली नाही. त्याच वर्षी ते खचले. शर्यती बंद पडल्या, करार मोडल्याबद्दल त्यांच्यावर बंदी आली. १९०७ साली ते पुन्हा युरोपात उतरले, जुन्या तेजाने काही शर्यती जिंकले. पण वय पुढे गेले होते आणि संसार मागे लागला होता. कारकिर्दीच्या अखेरीस त्यांना रविवारीही शर्यतीत उतरावे लागले. इतकी वर्षे जपलेला नेम सुटला. कोणी याला दोष देईल. मी देणार नाही. घरची चूल पेटती ठेवण्यासाठी माणसाला काय काय सोडावे लागते, हे ज्याचे त्याला ठाऊक. १९१० साली त्यांनी शर्यत सोडली.

पुढचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो लिहिताना हात जड होतो. त्यांनी मोटारीच्या चाकांच्या एका नव्या कल्पनेत पैसा घातला, तो बुडाला. यंत्रविद्या शिकावी म्हणून कॉलेजात जाऊ पाहिले, पण शालेय शिक्षण पुरे नव्हते म्हणून प्रवेश मिळाला नाही. दुखण्यांनी घेरले. ज्या घरासाठी शेजाऱ्यांशी शांतपणे झुंजले ते घर विकावे लागले. १९२६ साली वुस्टरच्या स्नेह्यांनी वर्गणी काढून मदत केली. टेलर यांनी अनेक वर्षे खपून आपले आत्मचरित्र लिहिले, पदरमोड करून १९२८ च्या सुमारास छापले आणि ते स्वतः दारोदार विकू लागले. ज्यांनी छळले त्यांच्याविषयी मनात अढी नाही असे त्यांनी त्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. १९३० साली डेझीबाई वेगळ्या झाल्या. टेलर शिकागोला गेले आणि २१ जून १९३२ रोजी तेथील सरकारी दवाखान्यात धर्मादाय वॉर्डात त्यांनी देह ठेवला. वय ५३. घरचे कोणी जवळ नव्हते. बेवारस गरिबांच्या जागेत, नावाचा दगडही न ठेवता, त्यांना पुरण्यात आले.

सोळा वर्षांनी, १९४८ साली, जुन्या सायकलपटूंच्या एका संघटनेने त्यांचा शोध घेतला. सायकलीचे कारखानदार फ्रँक श्विन यांनी पैसा दिला. टेलर यांच्या अस्थी तेथून काढून त्याच दफनभूमीत चांगल्या जागी ठेवल्या आणि वर कांस्याचा लेख बसवला. १९८२ साली ज्या इंडियानापोलिस शहरात त्यांना व्यायामशाळेच्या सज्जात बसावे लागले, त्याच शहरात सायकल शर्यतीचे मोठे मैदान बांधले गेले आणि त्याला त्यांचेच नाव दिले. २००८ साली वुस्टर गावात वाचनालयासमोर त्यांचे स्मारक उभे राहिले. त्यांची मुलगी सिडनी १०१ वर्षे जगली आणि २००५ साली वारली. आणि तिचा मुलगा, म्हणजे टेलर यांचा नातू डॅलस ब्राऊन, अमेरिकेच्या फौजेत ब्रिगेडियर जनरल झाला. आजोबांना दुकानासमोर खेळ करताना थट्टेने मिळालेला हुद्दा होता मेजरचा. नातवाने त्याहून मोठा हुद्दा खरोखरच्या गणवेशावर मिळवला.

आता सुरुवातीला म्हटले ते सांगते. असे फक्त अमेरिकेत झाले असे नाही. टेलर शर्यती जिंकत होते त्याच काळात आपल्याकडे पुण्यात पळवणकर बाळू हे थोर गोलंदाज होते. ते चर्मकार समाजात जन्मले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चाले, पण चहा मात्र त्यांना बाहेर वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ साली त्यांनी इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी दिले नाही. पुढे १९२३ साली ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. आणि पुण्यापर्यंत तरी कशाला जायचे? १९२७ साली आपल्याच अमरावतीत अंबादेवीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून चळवळ करावी लागली. त्या वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे परिषदेला आले होते. ज्या अंबामातेची आपण नवरात्रात ओटी भरतो, तिच्या दारातही माणसे अडवली गेली होती.

आणि माझ्या घरचेही सांगते, नाही तर हे लिहिणे खोटे ठरेल. माझे माहेर अकोला जिल्ह्यातले एक खेडे. मी सायकल शिकले ती वडिलांच्या मोठ्या सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. फुफाट्यातून माझ्यामागे सीट धरून पळायची ती माझी एक वर्गमैत्रीण. ती गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. माझे गुडघे फुटू नयेत म्हणून तिने आपले फोडून घेतले. शिकून झाले की आम्ही दोघी घामाघूम होऊन आमच्या अंगणात येत असू. मला घरातून पेल्यात पाणी मिळे. तिला मात्र ओंजळीत वरून ओतत. मी ते रोज पाहिले आणि एकदाही बोलले नाही. मी लहान होते हे खरे. पण सायकलवर बसण्याइतकी मोठी होते, म्हणजे बोलण्याइतकीही होते. सातवीनंतर आठवीची शाळा दोन कोसांवर. मुलीला एवढ्या लांब सायकलने पाठवायचे नाही, असे घरी ठरले आणि माझी शाळा सुटली. तेव्हा मला फार राग आला होता. आपल्याला येत असलेली गोष्ट आपल्याला करू देत नाहीत, म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. पण तिला ते माझ्याआधी कितीतरी वर्षे कळलेले होते. टेलर सज्जात बसल्याची हकीकत मुलगा वाचत होता आणि मला अंगणातली तिची ओंजळ दिसत होती.

टेलर यांचा गळा आवळणारा एक बेकर होता. पण भोवती बसून पाहणारे हजारो होते. आपण बहुतेक जणी बेकर नसतो; आपण पाहणाऱ्यांत असतो. म्हणून मला वाटते, आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला, भिशीला, सहलीला कोणाला बोलावणे जात नाही, कोणाचा पेला वेगळा ठेवला जातो, याकडे आपण यंदापासून नीट लक्ष द्यावे. आणि दिसले तर तेथल्या तेथे बोलावे. एवढे झाले तरी या थोर पुरुषाचे चरित्र आपण वाचले याचे सार्थक होईल. आता शासनाच्या योजनेतून खेड्यातल्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. सकाळी त्या रांगेने जाताना पाहिल्या की मी दारात थांबते. त्यांपैकी कोणती कोणत्या वस्तीतली, हे सायकलवर बसलेल्या मुलीकडे पाहून सांगता येत नाही. तसेच असायला हवे.

सायकलवीर मेजर टेलर यांच्या स्मृतीस, त्यांना घडवणाऱ्या माउलीस आणि माझ्या त्या वर्गमैत्रिणीस माझे विनम्र अभिवादन.